सपोर्ट संपला, नाही, की काढला? स्टुडिओतल्या संगणकाच्या अपग्रेडची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा वसुबारस तीन दिवसांवर होती. कळवा-ठाण्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंतच्या छोट्या स्टुडिओंत दिवाळी पहाटेचे ट्रॅक बाहेर पडत होते आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या हळदीची गाणी आत येत होती. संगणक सुरू केला की अपग्रेडची सूचना समोर यायची. कीबोर्ड वाजवणारा मुलगा विचारायचा, "दादा, मारू का अपडेट?" आणि खुर्चीतून न वळता उत्तर यायचं, "हात लावू नको."

हे 'हात लावू नको' आळसातून आलेलं नाही. त्यामागे वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे.

आज चाळिशी ओलांडलेल्या इथल्या बऱ्याच रेकॉर्डिस्टांचा हात विंडोज एक्सपीवर बसला. २५ ऑक्टोबर २००१ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बाजारात आली. त्याआधीचा काळ, अटारी संगणकाला कीबोर्ड जोडायचे मिडी पोर्ट वगैरे, आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला. आमची सुरुवात लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या संगणकाच्या पांढऱ्या डब्यापासून. त्या डब्यात एक मूलभूत अडचण होती. विंडोज प्रत्येक आवाज आधी स्वतःच्या मिक्सरमधून नेई आणि त्यात साधारण ३० मिलिसेकंद जात. गाणी ऐकताना याचा पत्ताही लागत नाही. पण ३० मिलिसेकंदांत आवाज दहा मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाल्याला हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं आणि म्हणायचं, आता ताल धर. गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू यायचा आणि ती बिचारी आपणच लय सोडतोय असं समजून ओशाळायची.

यावर १९९७ मध्ये निघालेली तोड म्हणजे एएसआयओ. साउंड कार्ड बनवणाऱ्याने स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा आणि विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून आवाज थेट सॉफ्टवेअरला द्यायचा. १२८ सँपलचा बफर (एका वेळी साठवून पुढे द्यायचा आवाजाचा तुकडा) ठेवला की उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो. कार्डाचे स्वतःचे एक-दोन धरले तरी ढोलकीवाला पुन्हा शेजारी. क्युबेस आणि नुएन्डो या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर इथे जे काम झालं ते याच वळशामुळे. पण वळशाची किंमत होती. विंडोजचं काम विंडोज बनवणारे बघत, हा ड्रायव्हर मात्र कार्डवाल्या कंपनीच्या मर्जीवर. तेव्हापासून 'नवी विंडोज घ्यावी का' या प्रश्नाचा खरा अर्थ 'माझ्या कार्डवाल्याने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिलाय का' एवढाच उरला. लोक अजूनही चर्चा करतात ती विंडोज चांगली की वाईट याची.

अपडेट साधं दिसत असलं तरी ते कुठे लागेल सांगता येत नाही, हे ऑगस्ट २००४ मध्ये कळलं. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवायर ८०० ची, म्हणजे रेकॉर्डिंगची यंत्रं वेगवान केबलने संगणकाला जोडणारी, कार्डं ८०० ऐवजी १०० च्या वेगाने चालू लागली. सुरक्षेसाठी म्हणून टाकलेला पॅक, आणि त्यात रेकॉर्डिंगचा पाइपच चिंचोळा झाला. मग जुने ड्रायव्हर शोधून परत बसवा, हे उद्योग. फायरवायरचं नखरेल वागणं इतकं की दुकानात कार्ड हातात घेऊन आधी त्यावरच्या काळ्या चिपवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची खूण आहे का ते बघायचं, मग किंमत विचारायची. माझ्याकडच्या इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या, कंपनीने (नाव जाऊ दे) अशाच एका अपडेटनंतर वर्षभर ड्रायव्हर दिला नाही. गणपतीच्या आरत्यांच्या अख्ख्या सीडीत टाळांच्या मागे बारीक तडतड राहिली. मंडळाच्या कार्यकर्त्यांना ती समईची वात वाटली, म्हणून सुटलो.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि आवाजाची सगळी वाहिनीच नव्याने घातली गेली. शिवाय तिच्या ६४-बिट आवृत्तीत खात्रीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर बसेना. कार्डवाल्या कंपन्या तयार नव्हत्या. शिव्या व्हिस्टाने खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या तरी तिच्या वाट्याच्या नव्हत्या असं माझं मत. कारण ६४-बिटची गरज खरी होती. ३२-बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच मेमरी मिळते. सनई, तबला, स्ट्रिंग्ज असे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे तीन मोठे सँपल संच उघडले की प्रोजेक्ट कोसळायचा, तोही सेव्ह करण्याआधी. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली, तोवर ड्रायव्हरही आले होते. जी फळं व्हिस्टाने लावली ती सातने खाल्ली. सात वर बसलेले लोक मग जानेवारी २०२० मध्ये तिचा सपोर्ट संपेपर्यंत, आणि त्यानंतरही, हलले नाहीत.

यात एक गोष्ट उघड बोलली जात नाही. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरच्या सीड्यांवर इथले कित्येक स्टुडिओ उभे राहिले. फुकटात आलेल्या प्लगइनची (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांच्या नि इफेक्टच्या पुरवण्यांची) नवी आवृत्ती मागायची कोणाकडे? जुन्या विंडोजवरचं प्रेम बऱ्याचदा जुन्या क्रॅकवरचं, म्हणजे कुलूप तोडलेल्या प्रतीवरचं, प्रेम असतं.

आता त्या शब्दाकडे. आपण सर्रास म्हणतो, 'सपोर्ट करत नाही'. या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि बहुतेक चुकीचे निर्णय तिथेच होतात.

पहिली, सपोर्ट संपला. विंडोज १० चं झालं ते हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. घरगुती वापरासाठी त्या आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नोंदणी करून मिळतील अशी सोय ठेवली. संगणक १५ तारखेला सकाळी तसाच सुरू झाला आणि प्रत्येक प्लगइन उघडलं. इथे काळजी आहे ती इंटरनेटची, आवाजाची नाही. नेट न लावलेल्या मशीनला याचा फारसा फरक पडत नाही. मात्र क्लायंटचे पेनड्राइव्ह त्यात खुपसत असाल तर नेट नाही या समाधानात राहू नका.

दुसरी, सपोर्ट नाही. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांची नवी प्रणाली, मॅकओएस, आली की प्लगइनवाल्यांची मेल येते, अजून सपोर्ट नाही, थांबा. याचा अर्थ चालणार नाही असा नसतो. आम्ही तपासलेलं नाही, बिघडलं तर आम्हाला फोन करू नका, असा असतो. पुष्कळदा सगळं सुरळीत चालतं. आणि सपोर्ट आहे असं लिहिलेलं असूनही बंद पडतं. ७ मार्च २०२४ ला मॅकओएस १४.४ आली आणि कॉपी-संरक्षण असलेली काही ऑडिओ युनिट (मॅकच्या स्वतःच्या पद्धतीची) प्लगइन उघडेनात. एवढीशी दशांशाची अपडेट. १४.४.१ मध्ये ते दुरुस्त झालं, १८ दिवसांनी. ऐन लग्नसराईतले १८ दिवस.

तिसरी, सपोर्ट काढला. इथे वाट पाहून उपयोग नाही, कारण तो भागच उचलून बाहेर टाकलेला असतो. मॅकवर २०११ मध्ये लायन या आवृत्तीबरोबर पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरच्या काळातली सॉफ्टवेअर गेली. २०१९ मध्ये कॅटालिनाबरोबर ३२-बिट सगळं गेलं. २०२५ च्या टाहोमध्ये फायरवायर गेलं. २०१९ चा निर्णय सर्वांत वादाचा. त्याची सूचना दीड वर्ष आधीपासून पडद्यावर येत होती, हे कंपनीच्या बाजूने. पण पैसे मोजून घेतलेलं, बनवणारी कंपनीच बुडालेलं एखादं रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं प्लगइन), ज्याच्या आवाजावर दहा वर्षांची गाणी उभी आहेत, त्याला कोणती सूचना? त्या गाण्यांचे प्रोजेक्ट उघडतात, रिव्हर्बच्या जागी राखाडी चौकोन दिसतो. विंडोजवाल्यांनी ३२-बिट प्लगइन पुलावरून ६४-बिटमध्ये नेण्याच्या युक्त्या काढून अजून चालवली आहेत. या बाबतीत विंडोज म्हाताऱ्यांना घरात ठेवते, मॅक ठेवत नाही. कॅटालिनात गाणी ठेवण्याचं आयट्यून्सही मोडीत निघालं आणि त्याच्या यादीच्या फाइलवर अवलंबून असलेल्या डीजेंच्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसू लागल्या. तारीख होती ७ ऑक्टोबर, पुन्हा दसऱ्याचा आदला दिवस.

तारखांचं हे जुळणं नेहमीचंच. या आवृत्त्या बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात, आणि आपला हंगाम तोच. २०१५ मध्ये मॅकची एल कॅपिटन अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवसांनी आली, काही ऑडिओ युनिट प्लगइन मोडून. विंडोज ११ घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, ५ ऑक्टोबर २०२१ ला. टाहो २०२५ च्या पितृपक्षात, म्हणजे त्यातल्या त्यात कामाचा खंड असताना, पण त्या दिवसांत नवी वस्तू घरात घेणार कोण! विनोद सोडा, आमच्याकडे अपग्रेडचा महिना जून. लग्नं उरकलेली, गणपतीची कामं सुरू व्हायची असतात, आणि तोवर सप्टेंबरच्या आवृत्तीच्या चार-पाच दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतात.

विंडोज ११ ने आणखी एक रेघ ओढली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेल असेल तर जवळपास आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. सातव्या पिढीचा आय-७, ३२ जीबी रॅम, चाळीस ट्रॅक सहज पेलणारा, तो रेघेच्या अलीकडे. रेघ चुकवून बसवण्याचे मार्ग आहेत, पण मग पुढची मोठी अपडेट मिळेल की नाही हे दर वेळी बघत बसायचं. सुरक्षेचं कारण बँकेच्या संगणकासाठी पटतं, ढोलकी रेकॉर्ड करणाऱ्यासाठी मला अजून पटलेलं नाही. इंटेलवरच्या मॅकचंही तेच, टाहो ही त्यांची शेवटची आवृत्ती.

मात्र नुसतं बसून राहणंही जमत नाही, कारण दबाव बाजूच्या स्टुडिओतून येतो. संगीतकार अंधेरीहून सेशन पाठवतो ते नव्या लॉजिकमधलं (मॅकवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), जुन्या लॉजिकमध्ये ते उघडत नाही. आणि नवं लॉजिक जुन्या मॅकओएसवर बसत नाही. एका गाण्यासाठी सगळी साखळी ओढली जाते.

म्हणून ऐरोलीच्या एका स्टुडिओत टेबलाखाली एकाच डब्यात दोन एसएसडी आहेत. एकीवर विंडोज १०, जशी २०२१ मध्ये होती तशी, ड्रायव्हरसकट गोठवलेली, नेटची वायर काढलेली. दुसरीवर विंडोज ११, मेल आणि नव्या सेशनसाठी. सुरू करताना कुठली हे निवडायचं. जुनीची हुबेहूब प्रत तिसऱ्या एका डिस्कवर घेतलेली, ती कपाटात हार्मोनियमच्या पेटीवर ठेवलेली. तिच्या चिकटपट्टीवर मालकाच्या बायकोने पेनाने लिहिलंय: पुसू नये, हळदीची सगळी यात आहेत.