रुगर १०/२२ रायफलची जादा क्षमतेची मॅगझिने

रुगर १०/२२ या अमेरिकी रायफलीला मूळच्या १० काडतुसांच्या मॅगझिनऐवजी (मॅगझिन म्हणजे काडतुसे भरायची पेटी) लावली जाणारी, २५ किंवा त्याहून अधिक काडतुसे मावणारी मॅगझिने. स्टर्म, रुगर अँड कंपनीने ही रायफल १९६४ साली बाजारात आणली; मात्र स्वतःचे २५ काडतुसांचे मॅगझिन सर्वसामान्य ग्राहकाला विकायला २०११ साल उजाडले. मधल्या काळात ही गरज बटलर क्रीक, रॅम-लाइन, ईगल अशा इतर कंपन्यांनी भागवली. त्यांच्या मालाची ख्याती संमिश्र आहे. एकाचे मॅगझिन वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, तर त्याच छापाचे दुसरे पहिल्या चार-पाच गोळ्यांतच अडते. हलके प्लास्टिक हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खरेही आहे. पण दुखण्याचे मूळ काडतुसाच्या आकारात आहे.

या रायफलीचे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे. ते रिमफायर प्रकारचे आहे, म्हणजे चाप ओढल्यावर पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ वळीत भरलेले असते. त्यामुळे ती कड पुंगळीबाहेर डोकावणारच. पुंगळीचा व्यास सुमारे ५.७ मिमी., कडेचा सुमारे ७.१ मिमी. अशी काडतुसे एकावर एक रचली, की चळतीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जाड भरते आणि चळत वाकत जाते. २५ काडतुसांचे मॅगझिन केळ्यासारखे वाकडे दिसते ते यामुळेच.

त्यात बोल्टचे, म्हणजे रायफलीत पुढे-मागे सरकणाऱ्या भागाचे, काम असे, की सर्वांत वरच्या काडतुसाला मागून ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, सारायचे. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असेल तर ते विनासायास सुटते. ती मागे राहिली असेल, तर खालच्या कडेवर आपटते आणि दोन्ही काडतुसे एकमेकांत अडकून बसतात. नेमबाज याला ‘रिम लॉक’ म्हणतात. मॅगझिन भरताना प्रत्येक नवे काडतूस आधीच्या कडेपुढे बसले की नाही हे पाहिले, तर हा प्रकार बराच टळतो. पण घाईघाईने भरलेल्या २५ काडतुसांत एखादे मागे राहतेच.

मूळच्या १० काडतुसांच्या मॅगझिनमध्ये ही भानगडच ठेवलेली नाही. त्यात आत फिरणारे चक्र असून प्रत्येक काडतुसाला त्यात स्वतंत्र खाच आहे. त्यामुळे कडेला कड भिडत नाही. काडतूस जिथून बाहेर पडते ते तोंड पोलादी आहे, आणि सगळी पेटी इतकी बुटकी, की रायफलीच्या पोटाशी सपाट बसते. चक्री मॅगझिन ही रुगरची मूळ कल्पना नव्हे. मॅनलिकर-शोनाउअर आणि सॅव्हेज ९९ या जुन्या रायफलींत ती आधीच होती. पण स्वस्त रिमफायर रायफलीत ती इतकी बिनचूक उतरवणे हे १०/२२ च्या यशामागचे मोठे कारण मानले पाहिजे. आफ्टरमार्केट, म्हणजे इतर कंपन्यांच्या, मॅगझिनची तुलना नकळत या चक्री मॅगझिनशीच होते, आणि त्या कसोटीवर बहुतेकांची दमछाक होते.

लांब मॅगझिनचा सगळा भरवसा दोन भागांवर असतो: वरचे ओठ आणि आतली स्प्रिंग. ओठ काडतुसाला योग्य कोनात धरून ठेवतात. ते प्लास्टिकचे असतील तर वापराने झिजतात किंवा फाकतात. मग काडतूस नाक वर करून सुटते आणि त्याचे मऊ शिसे चेंबरच्या काठावर घासून सपाट होते. बटलर क्रीकने आधी ‘हॉट लिप्स’ नावाने प्लास्टिकच्या ओठांचे मॅगझिन विकले आणि नंतर ‘स्टील लिप्स’ नावाने पोलादी ओठांचे. कंपनीला दुखणे कुठे आहे ते कळले होते, याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

स्प्रिंगची अडचण दुहेरी आहे. मॅगझिन पूर्ण भरलेले असताना ती जास्तीत जास्त दाबलेली असते, त्यामुळे वरचे काडतूस ओठांशी घट्ट आवळले जाते आणि बोल्टला ते ओढून काढणे जड जाते. मॅगझिन संपत आले की जोर ओसरतो, आणि काडतूस वर येण्याआधीच बोल्ट पुढे निघून जातो. १०/२२ मध्ये बोल्ट मागे सारायला बार उडाल्यावर मागे येणाऱ्या पुंगळीचा धक्का एवढीच काय ती शक्ती. संथ वेगाची काडतुसे वापरली तर ती आणखी कमी पडते. त्यातच या गोळ्यांवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. त्यात काजळी मिसळून तयार झालेला चिकट मळ मॅगझिनमध्ये उतरतो आणि काडतुसे वर ढकलणारा फॉलोअर अडखळायला लागतो.

दर वेळी दोष मॅगझिनचाच असतो असेही नाही; रायफल अडल्यावर काय दिसते त्यावरून तो ओळखता येतो. बोल्ट बंद आणि चेंबर रिकामे, तर काडतूस वेळेत वर आले नाही. गोळीचे नाक चेपलेले, तर ओठांचा कोन बिघडला आहे. पुंगळीच्या कडेवर फायरिंग पिनचा (चाप ओढल्यावर कडेवर आदळणाऱ्या खिळीचा) स्पष्ट ठसा आहे, पण बार उडाला नाही, तर बहुतेक वेळा काडतूसच फुसके; रिमफायरमध्ये पेट घेणारे मिश्रण कडेत सगळीकडे सारखे पसरलेले नसणे ही जुनी खोड आहे. मुरलेले नेमबाज मॅगझिनांवर रंगाने आकडे टाकतात, म्हणजे कोणते वारंवार अडते ते लक्षात राहते. २५ च्या मॅगझिनमध्ये एक-दोन काडतुसे कमी भरण्याची सवयही सर्रास आढळते.

रुगरने इतकी वर्षे हात आखडता का घेतला, याचे उत्तर तंत्रात कमी आणि कंपनीच्या धोरणात अधिक सापडते. संस्थापकांपैकी विल्यम रुगर यांनी १९८९ साली अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून १५ पेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी सुचवली होती. बंदूकप्रेमींपैकी अनेकांनी ते त्यांना कधीच माफ केले नाही. १९९४ च्या संघीय कायद्याने १० पेक्षा जास्त क्षमतेची नवी मॅगझिने सर्वसामान्यांसाठी बंद केली. २००४ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली. रुगर २००२ मध्ये वारले. २०११ मध्ये आलेल्या कंपनीच्या बीएक्स-२५ मॅगझिनमध्ये पोलादी ओठ आहेत आणि दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा ठेवणारी स्प्रिंग आहे, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही दुखण्यांवर नेमका इलाज. आज २५ चे मॅगझिन घ्यायचेच असेल तर हेच घ्यावे, असा सल्ला सहसा मिळतो आणि तो रास्त आहे. जर्मन जीएसजी कंपनीचा ११० काडतुसांचा ड्रमही मिळतो. पण तो भरण्यात जाणारा वेळ पाहता त्यात हौसेचाच भाग मोठा. स्टील चॅलेंजसारख्या स्पर्धेत एका फेरीत पाचच लक्ष्ये असतात, तिथे मूळचे १० चे मॅगझिन पुरून उरते.

कायदा जागोजागी वेगळा आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांत १० पेक्षा जास्त क्षमतेच्या मॅगझिनवर निर्बंध आहेत. कॅनडात रिमफायर रायफलीच्या मॅगझिनला क्षमतेची मर्यादा नव्हती. पण रुगरने २००७ मध्ये याच यंत्रणेचे चार्जर पिस्तूल काढले आणि पिस्तुलाच्या मॅगझिनला तिथे १० ची मर्यादा आहे. दोन्हींत तेच मॅगझिन बसते, या मुद्द्यावर तिथल्या संघीय पोलिसांनी २०१६ मध्ये १०/२२ ची २५ ची मॅगझिने निषिद्ध ठरवली.

महाराष्ट्रातील वाचकाला .२२ परिचित आहे ती ऑलिंपिक नेमबाजीमुळे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसाने. मात्र त्या प्रकारात रायफलीत एका वेळी एकच काडतूस हाताने भरायचे असते, मॅगझिनचा प्रश्नच येत नाही. २५ मीटर पिस्तूल प्रकारांत पाच काडतुसांची मॅगझिने चालतात, आणि तिथे शस्त्र अडले तर चूक नेमबाजाची की शस्त्राची किंवा काडतुसाची, हे पंच तपासतात. नेमबाजाची नसेल तर नियमाप्रमाणे त्याला पुन्हा संधी मिळते.