बँड पॉझिटिव्ह, अँटिबॉडी निगेटिव्ह: एमएसच्या निदानातल्या दोन तपासण्या

माझ्या धाकट्या बहिणीला एका सकाळी उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. डोळा फिरवला की आत खोलवर दुखायचं. तो डोळा सुधारला, आणि सहा महिन्यांनी कमरेखाली मुंग्या सुरू झाल्या. डॉक्टरांना संशय एमएसचा, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसचा होता: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं, रक्त दिलं. मग एकाच आठवड्यात दोन कागद हातात आले. एकावर ‘ऑलिगोक्लोनल बँड: पॉझिटिव्ह’, दुसऱ्यावर ‘ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडी: निगेटिव्ह’. आईने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि विचारलं, “एक हो म्हणतोय, एक नाही म्हणतोय. खरं कोणाचं मानायचं गं?”

दोन्ही खरे होते. दोन्ही तपासण्या अँटिबॉडीशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांशी, संबंधित, न्यूरॉलॉजिस्ट त्या एकाच चिठ्ठीवर लिहून देतात, म्हणून घरच्यांना त्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं वाटतात. खरं तर प्रश्नच दोन आहेत.

बँडची तपासणी विचारते: मेंदू आणि मज्जारज्जूच्या आतल्या आत अँटिबॉडी तयार होतायत का? कोणाविरुद्ध, हे ती विचारत नाही. पाठीच्या पाण्यातली आणि रक्तातली प्रथिनं जेलवर शेजारी शेजारी पसरवतात, विजेच्या प्रवाहाने ती आपापल्या जागी जाऊन थांबतात. अँटिबॉडी नेहमीसारख्या सरमिसळ असतील तर सलग पुसट पट्टा दिसतो. पेशींच्या मोजक्या घराण्यांनीच त्या भराभर बनवल्या असतील तर बारीक, ठळक रेघा उमटतात, त्याच ऑलिगोक्लोनल बँड. पाण्यात रेघा आहेत आणि रक्तात त्या नाहीत, तर कारखाना आत चालू आहे. दोन्हीकडे अगदी त्याच रेघा असतील तर त्या रक्तातून झिरपल्या आहेत, त्यावरून एमएसच्या बाजूने काही म्हणता येत नाही.

म्हणूनच पाण्यासोबत त्याच वेळी काढलेलं रक्तही लॅबला जायलाच हवं. आमच्याकडे नेमकं हेच राहिलं होतं. एका लॅबने फक्त पाण्याची बाटली उचलली, आणि चार दिवसांनी फोन आला की तुलनेला रक्त नाही, रिपोर्ट देता येणार नाही. बहीण कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, दात आवळून त्या सुईखाली पडली होती. नंतर दोन दिवस उठून बसलं की डोकं ठणकायचं आणि आडवं झालं की थांबायचं. ते सगळं पुन्हा करावं लागलं. ज्यांच्या घरी ही तपासणी व्हायची आहे त्यांनी सुई टोचण्याआधी नर्सला विचारावं: रक्ताची ट्यूबही सोबत जाते आहे ना? एवढ्या एका प्रश्नाने एक सुई वाचते. सुईची भीती मात्र फार बाळगू नका. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते.

ॲक्वापोरिनची तपासणी याच्या अगदी उलट स्वभावाची. तिला एकाच ठरावीक अँटिबॉडीचा शोध असतो. ॲक्वापोरिन-४ हे मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींवरचं पाण्याचं दार. त्या दारावर हल्ला करणारी अँटिबॉडी सापडली तर आजार एमएस नसून न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, असण्याची दाट शक्यता असते. इथे रक्तच पुरतं, आणि पाण्यापेक्षा रक्तातच ती जास्त भरवशाने सापडते. चांगल्या लॅबमध्ये पेशींवर हे दार मुद्दाम उगवतात, रुग्णाचं सीरम त्यांवर घालतात आणि मायक्रोस्कोपखाली पेशी चमकतात का ते बघतात. याला सेल-बेस्ड तपासणी म्हणतात. एलायझा पद्धतीत खोटं पॉझिटिव्ह येण्याचा धोका जास्त, म्हणून फॉर्मवर पद्धत कोणती लिहिली आहे ते बघावं.

एनएमओचं वर्णन फ्रान्समध्ये देविकने १८९४ साली केलं होतं, तरी पुढची कित्येक दशकं अनेक जण त्याला एमएसचाच एक प्रकार समजत राहिले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या आणि जपानच्या संशोधकांनी रक्तातली अँटिबॉडी दाखवली, आणि पुढच्याच वर्षी तिचं लक्ष्य ॲक्वापोरिन-४ असल्याचं कळलं. गोंधळ होणं साहजिकच होतं. दोन्ही आजारांत डोळा जाऊ शकतो, पाय लुळे पडू शकतात. फरक खुणांमध्ये असतो. एमएसमध्ये एमआरआयवर दिसणारा मज्जारज्जूवरचा डाग बहुधा आखूड, एनएमओमध्ये तीन किंवा त्याहून जास्त मणक्यांइतका लांब. दिवसचे दिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी, जिचं कारण पोटात सापडत नाही, तीही एनएमओची खूण असू शकते.

हा फरक जिवावर बेतणारा आहे. इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओ असलेल्याला दिली तर आजार बिघडू शकतो. म्हणून दुसरी तपासणी निगेटिव्ह आली याचं आम्हाला जेवढं हायसं वाटलं, तेवढं पहिलीच्या पॉझिटिव्हने वाईट वाटलं नाही.

आता बँडच्या पॉझिटिव्हचं वजन किती? युरोप-अमेरिकेत एमएसच्या दहापैकी साधारण नऊ जणांत बँड सापडतात. आशियातल्या रुग्णांत हे प्रमाण कमी आढळलं आहे. त्यामुळे बँड नाहीत म्हणून एमएस नाही, असं होत नाही. आणि बँड आहेत म्हणून एमएसच, असंही नाही. गोवरानंतर काही वर्षांनी उद्भवणाऱ्या एसएसपीई या मेंदूच्या आजारात आणि मेंदूच्या काही जंतुसंसर्गांतही बँड येतात. पण लक्षणं आणि एमआरआय जुळत असतील तर बँडला मोल येतं. एमएस म्हणायला डाग वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेले दिसावे लागायचे. एमएसचं निदान ठरवणाऱ्या मॅकडोनल्ड निकषांनी २०१७ मध्ये, एकच ॲटॅक आलेल्या रुग्णातही जागेचा पुरावा एमआरआयवर असेल, तर वेळेच्या पुराव्याऐवजी बँड चालतात असं मान्य केलं. त्यामुळे काहींची दुसऱ्या ॲटॅकपर्यंतची वाट बघणं वाचलं.

निगेटिव्ह ॲक्वापोरिनचं वजन त्यापेक्षा नाजूक. एनएमओच्या चारपैकी साधारण तिघांतच ती अँटिबॉडी सापडते. रक्त स्टेरॉइड किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या उपचारानंतर घेतलं तर ती हुकू शकते. म्हणून जमलं तर उपचाराआधीच रक्त काढून ठेवावं. डागांवरून एनएमओचा संशय असूनही निगेटिव्ह आली तर काही महिन्यांनी पुन्हा करतात, आणि सोबत मॉग नावाची दुसरी अँटिबॉडीही तपासतात, कारण ती सापडली तर तो आणखी तिसराच आजार.

बहिणीच्या मज्जारज्जूवरचा डाग एका मणक्याच्याही उंचीचा नव्हता, आणि मेंदूतले डाग एमएसच्या नेहमीच्या जागी होते. त्यामुळे डॉक्टरांनी अँटिबॉडी पुन्हा मागितली नाही. बँड एकदा दिसले की सहसा वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तोही कागद फाइलमध्ये तळाशी गेला. वरती आता दर वर्षीचे एमआरआय येतात, आणि आई प्रत्येक नवा रिपोर्ट उघडताना आधी एकच ओळ शोधते: नवीन डाग नाही.