वैद्यकीय विकिरण भौतिकतज्ज्ञ (नागपूर)

कर्करोगावर किरणोपचार होणाऱ्या रुग्णालयात किरणांची मात्रा मोजणारा, उपचाराची आखणी गणिताने तपासणारा आणि रुग्ण, कर्मचारी व आजूबाजूच्या लोकांच्या किरणसुरक्षेची जबाबदारी सांभाळणारा भौतिकशास्त्रज्ञ. रुग्णालयात त्याला सगळे नुसते 'फिजिसिस्ट' म्हणतात. रुग्णाच्या तोंडी डॉक्टरांचे नाव असते, रोज यंत्राखाली झोपवणारा टेक्निशियन ओळखीचा होतो. फिजिसिस्टशी मात्र बहुतेक रुग्णांची गाठच पडत नाही. किती किरण द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. यंत्रातून तेवढेच किरण बाहेर पडतात की नाही, याचे उत्तर फिजिसिस्टला द्यावे लागते.

नागपुरात हा व्यवसाय मुख्यतः शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७, बोलीभाषेत 'मेडिकल'), मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि शहरातील खासगी रुग्णालये यांच्या आधाराने वाढला. मिहानमधील एम्सचे लोकार्पण डिसेंबर २०२२ मध्ये झाले. विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव या बाजूंचे रुग्णही नागपूरलाच येतात. शहरात अणुखनिज संचालनालयाच्या मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे. तेथील भौतिकशास्त्रज्ञही किरणोत्सर्गच मोजतात, पण युरेनियमच्या शोधासाठी. दोन्ही कामांत उपकरणे काहीशी सारखी असली, तरी व्यवसाय वेगळे.

शिक्षण आणि प्रवेश

मूळ पदवी भौतिकशास्त्रातील एम. एस्सी. त्यानंतर विकिरण भौतिकीची पदव्युत्तर पदविका आणि किरणोपचार विभागात वर्षभराची उमेदवारी. भाभा अणुसंशोधन केंद्राने ही पदविका १९६२ साली सुरू केली. तेव्हा त्या संस्थेला भाभांचे नाव मिळालेले नव्हते, ते १९६७ मध्ये मिळाले. आता वैद्यकीय भौतिकीची स्वतंत्र एम. एस्सी. देणारी विद्यापीठेही आहेत. भारतात या व्यवसायाची सुरुवात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (१९४१) काम केलेल्या रामय्या नायडू यांच्यापासून मानली जाते. व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना १९७६ साली स्थापन झाली.

नागपूर विद्यापीठात (स्थापना १९२३) भौतिकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला या क्षेत्राची एक बाजू आधीच ओळखीची असते. तेथील विभागात प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, म्हणजे फॉस्फरवर, अनेक दशके संशोधन झाले आहे. फिजिसिस्टच्या छातीवर लावलेल्या, अंगाला लागलेली मात्रा नोंदवणाऱ्या टीएलडी बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, तो याच कुळातला पदार्थ. किरण लागले की ऊर्जा त्यात साठून राहते आणि तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्या प्रकाशावरून मात्रा कळते.

पदविका हाती आली म्हणून लगेच जबाबदारी मिळत नाही. किरणोपचार विभागासाठी किरणसुरक्षा अधिकारी (आरएसओ) म्हणून परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्या विशिष्ट रुग्णालयासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची (स्थापना १९८३) मान्यता घ्यावी लागते. मान्यताप्राप्त अधिकारी नसेल तर यंत्र चालवता येत नाही. लहान केंद्रात एकच माणूस फिजिसिस्ट आणि आरएसओ दोन्ही असतो, आणि या व्यवसायातली खरी अडचण इथेच आहे. पगार रुग्णालय देते, आणि त्याच रुग्णालयात नियम मोडला गेला तर मंडळाला कळवायचे कामही त्याच्याकडेच. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना 'आज मशीन बंद' असे व्यवस्थापनाला सांगणे हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

मोजमाप

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. दर किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ऐकायला हे सोपे वाटते. पण एक ग्रेने पाण्याचे तापमान अंशाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतकेच वाढते, म्हणजे रोजच्या कामात तापमापक निरुपयोगी. शरीराला मात्र ही मात्रा क्षुल्लक नसते. गाठीवर रोज दोन ग्रे दिले जातात. संपूर्ण शरीराला एकाच वेळी चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात.

म्हणून मोजायचा तो किरणांमुळे हवेत निर्माण होणारा विद्युतभार. 'फार्मर चेंबर' नावाच्या नळीत ०.६ घनसेंटिमीटर हवा असते. पाण्याने भरलेल्या टाकीत, म्हणजे 'वॉटर फँटम'मध्ये, ती ठरलेल्या खोलीवर बसवायची, किरण सोडायचे आणि इलेक्ट्रोमीटरवरचे नॅनोकुलोंब वाचायचे. पद्धत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या संहितेप्रमाणे (पहिली आवृत्ती २०००). हे चेंबर ठरावीक मुदतीने प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. शिवाय टीएलडीच्या कुप्या टपालाने मागवून, त्यांना ठरलेली मात्रा देऊन परत पाठवल्या की बाहेरची तपासणीही होते. अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ही टपाली तपासणी १९६९ मध्ये सुरू केली.

नागपूरचा भूगोल या कामात अगदी आकड्यांतून शिरतो. चेंबर बाहेरच्या हवेला खुले असते, त्यामुळे आत किती हवा आहे हे तापमान आणि दाब यांवर ठरते. प्रमाण स्थिती २० अंश सेल्सियस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने येथे दाब साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी. खोलीत २४ अंश आणि दाब ९७५ असेल तर वाचन १.०५३ ने गुणावे लागते. हा गुणक विसरला तर यंत्र पाच टक्के कमी देत आहे असे वाटेल, फिजिसिस्ट ते 'वर' नेईल आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला पाच टक्के जास्त मात्रा जाऊ लागेल. किरणोपचारात सगळ्या टप्प्यांची मिळून जी चूक चालवून घेतली जाते, तीच मुळी पाच टक्क्यांच्या आसपासची आहे.

याहून फसवी चूक वेगळीच. मोबाइलवर किंवा हवामानाच्या बातमीत दिसणारा दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. तो आकडा मुंबईत घातला तर फारसे बिघडत नाही. नागपुरात तोच साडेतीन टक्क्यांना पडतो. त्यामुळे विभागात स्वतःचा, तपासून घेतलेला बॅरोमीटर हवा आणि वाचन त्याच खोलीत घ्यायला हवे.

पाण्याचेही तसेच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. ते फँटममध्ये भरून लगेच मोजायला बसले, तर चेंबरमधली हवा एका तापमानाला आणि खोलीतला तापमापक दुसऱ्याच आकड्यावर. म्हणून टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवतात, एसी रात्रभर सुरू राहतो, आणि सकाळी तापमापक पाण्यातच बुडवून वाचतात. मग स्पिरिट लेव्हल लावून टाकी समपातळीत आणायची, चेंबरला थोडी मात्रा आधी देऊन 'गरम' करायचे, आणि एकापाठोपाठ एक वाचने घ्यायची. ती एकमेकांशी जुळत नसतील तर पुढे जायचे नाही.

कोबाल्ट आणि लिनॅक

कोबाल्ट यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत असतो. त्यातून १.१७ आणि १.३३ एमईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षे; म्हणून दर महिन्याला ताकद एका टक्क्याहून किंचित जास्त घटते. रुग्णाला झोपवून ठेवायचा वेळ त्या प्रमाणात वाढवत न्यावा लागतो, आणि पाच-सव्वापाच वर्षांनी तो दुप्पट होतो. त्यामुळे दर महिन्याला नवा तक्ता. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र या शतकाच्या पहिल्या दशकात आले आणि परदेशी यंत्रावरचे अवलंबित्व कमी झाले.

लिनॅक म्हणजे विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देऊन क्ष-किरण तयार करणारे यंत्र. त्यात किरणोत्सर्गी पदार्थच नसतो; वीज बंद, किरण बंद. दहा सेंटिमीटर खोलीवर कोबाल्टची मात्रा कमाल मात्रेच्या सुमारे ५६ टक्के उरते, सहा एमव्हीच्या लिनॅकची ६७ टक्क्यांच्या आसपास. खोलवरच्या गाठीसाठी लिनॅक बरा, हे त्यामुळेच. पण लिनॅकला अखंड वीज, थंड पाणी आणि महागडी देखभाल लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी कोबाल्ट मोडीत काढण्याची घाई करणारे हा खर्च बहुधा धरत नाहीत.

कोबाल्ट यंत्रातला स्रोत कधी परत आत न जाता अडकला, तर काय करायचे याचा सराव फिजिसिस्ट सगळ्यांकडून करून घेतो. सर्व्हे मीटर (आजूबाजूचे किरण दाखवणारे उपकरण) घेऊन आत जायचे, किरणांच्या झोताच्या वाटेत यायचे नाही, टेबल मागे ओढून रुग्णाला आधी बाहेर काढायचे, दार बंद करून पाटी लावायची. स्रोत आत ढकलायची 'टी' आकाराची सळई भिंतीवर टांगलेली असते. ती नंतरची गोष्ट, माणूस आधी.

आखणी

विदर्भातल्या किरणोपचार विभागात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण सतत असतात. खर्रा हे त्याचे मोठे कारण: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर गालात ठेवायचा. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन घेण्याआधी मोल्ड रूममध्ये त्याच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली थर्मोप्लास्टिकची जाळी बसवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन चेहऱ्याचा साचा, म्हणजे 'मास्क', होतो. रोज त्याच साच्यात डोके अडकवायचे.

डॉक्टर सीटीच्या चित्रांवर गाठ आणि जपायचे अवयव आखून देतात. फिजिसिस्ट संगणकावर किरणांच्या दिशा आणि आकार ठरवतो. गाठीला सहा-साडेसहा आठवड्यांत ६० ते ६६ ग्रे, मज्जारज्जूला मात्र ४५ ग्रेच्या आत. लाळग्रंथी शक्य तेवढ्या वाचवायच्या, नाहीतर कोरडे तोंड जन्माचे सोबती होते. संगणक काही मिनिटांत सुबक रंगीत चित्र काढून देतो. जाणता फिजिसिस्ट त्या चित्रावर विसंबत नाही. आकडे वेगळ्या मार्गाने पुन्हा काढतो, आणि आधुनिक पद्धतीच्या प्लॅनसाठी तोच प्लॅन फँटमवर चालवून मोजतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटते, जेवण जात नाही, वजन उतरते आणि मास्क सैल होतो. टेक्निशियन 'सर, मास्क ढिला झाला' म्हणतो तेव्हा नवा स्कॅन, नवा प्लॅन. दुसरा त्रास सुट्यांचा. पोळ्याला किंवा कापूस वेचणीला गावी गेलेला रुग्ण आठवडाभराने उगवतो. डोके-मान भागाच्या कर्करोगात उपचार लांबले की दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे टक्क्याने घटते. मधला खंड कसा भरून काढायचा, दिवसातून दोनदा द्यायचे की शनिवारी बोलवायचे, याचा हिशेब फिजिसिस्ट मांडतो आणि डॉक्टर निर्णय घेतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात इरिडियम-१९२ चा बारीक स्रोत शरीराच्या आत नेऊन उपचार होतात. त्याचा अर्धायुकाल जेमतेम ७४ दिवस असल्याने तो वारंवार बदलावा लागतो. प्रत्येक नवा स्रोत आला की आधी मोजणी, मगच रुग्ण.

सुरक्षा

किरणक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबाने मात्रा मोजायचे एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३०. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला १. गर्भवती कर्मचाऱ्याने कळवल्यानंतर गर्भासाठीही १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. प्रत्यक्षात नीट चालणाऱ्या विभागात बॅजवरचे आकडे या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. बॅज दर तीन महिन्यांनी वाचनासाठी जातात. एखाद्याचा आकडा अचानक फुगतो, तेव्हा पुष्कळदा बॅज यंत्राच्या खोलीत एप्रनला लटकलेला राहिलेला असतो. तरी चौकशी होतेच, आणि लेखी होते.

हा बारकावा उगाच नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने विकलेले जुने उपकरण पोहोचले. त्यात कोबाल्ट-६० होते. एका माणसाचा जीव गेला, अनेकांना इजा झाली. नेमका आत काय आहे याची नोंद सांभाळणारे कोणी उरले नव्हते.

फिजिसिस्टची कारकीर्द साधारणपणे उमेदवारी, फिजिसिस्ट, वरिष्ठ आणि प्रमुख अशा पायऱ्यांनी जाते. खासगी रुग्णालयांत पगार बरा, सरकारीत पदे भरायला वेळ लागतो. एका केंद्रात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी एक काम हमखास येते: आपणच सुरू केलेले कोबाल्ट यंत्र बंद करणे. नियामक मंडळाची परवानगी काढायची, स्रोत शिशाच्या जाड भांड्यात घालून कागदपत्रांसह पुरवठादाराकडे परत पाठवायचा, तो पोहोचल्याची पावती फाइलला लावायची आणि रिकामी खोली सर्व्हे मीटरने कोपरा न् कोपरा तपासायची. तिथे लिनॅक बसवायचा असेल तर कोबाल्टसाठी बांधलेल्या भिंती बहुधा अपुऱ्या पडतात. काँक्रीटच्या जाडीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.