जुन्या गाड्यांचं इग्निशन टायमिंग आणि कार्बोरेटर ट्यूनिंग

पॉइंट-कंडेन्सरच्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या) पेट्रोल इंजिनात ठिणगी कधी पडावी आणि हवेत पेट्रोल किती मिसळावं हे हाताने जुळवून घ्यायचं काम. मराठवाड्यात आता हे मुख्यतः जुनी अॅम्बॅसेडर (1489 सीसी, मुळात मॉरिस ऑक्सफर्ड), पद्मिनी म्हणजे जुनी फियाट (1089 सीसी) आणि पेट्रोल जीप यांच्यापुरतंच उरलंय. तिन्हींचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, नेमका कोणाचा यावर जुना वाद आहे. बेंझच्या 1886 च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेणारा साधा प्रकार होता, त्याला आजच्या अर्थाने कार्बोरेटर म्हणावं की नाही इथूनच मतभेद सुरू होतात. जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल फवारणाऱ्या प्रकारासाठी जर्मन मंडळी माइबाखचं नाव घेतात, पण बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका यांचं पेटंट फेब्रुवारी 1893 चं आणि माइबाखचं त्याच वर्षी ऑगस्टमधलं, म्हणजे कागदावर तरी हंगेरीची बाजू वरचढ वाटते. इंग्लंडच्या एडवर्ड बटलरने 1880 च्या दशकाच्या शेवटी आपल्या तीनचाकीत फ्लोटचा (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाचा) कार्बोरेटर वापरला होता म्हणतात, ते धरलं तर दोघंही मागे पडतात. फुलांवर पाणी फवारणारी बाई बघून बांकी-चोंकांना कल्पना सुचली ही गोष्ट गोड आहे, पण गोष्टच समजावी. पॉइंट, कॉइल आणि बॅटरीची इग्निशन मात्र साधारण 1910 च्या सुमाराची, केटरिंगची, त्यावर फारसा वाद नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. बरेच जण उलट करतात, स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) पकडत नाही म्हणून आधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतात आणि मग दिवसभर फिरवतच बसतात. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक सिलेंडरला ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट गॅप साधारण 0.35 ते 0.40 मिमी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते; पॉइंटचं फायबर झिजलं की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) एक अंशाने बदलला तर क्रँकवर टायमिंगही जवळपास एक अंशाने हलतं, म्हणून गॅपला हात लावला की टायमिंग परत बघावंच लागतं. एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशनला आणायचा, पुलीची खूण जुळवायची, पॉइंटवर टेस्ट लॅम्प लावून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवायचा, दिवा लागला की पॉइंट उघडले. टायमिंग गन (ठिणगीबरोबर चमकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) असेल तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून बघायचं. कानावर टायमिंग लावणारे मिस्त्री अजून आहेत आणि चढाला लोड देऊन इंजिन किंचित ठोकलं की थोडं मागे घ्यायचं ही त्यांची पद्धत वाईट नाही, पण गनचा आकडा जास्त भरवशाचा.

एसयू कार्बोरेटरमध्ये जेट खाली घेतला की मिक्चर रिच (पेट्रोल जास्त), वर घेतला की लीन (पेट्रोल कमी). कार्बोरेटरचा पिस्टन पिनने साधारण 0.8 मिमी उचलून बघायचा: रेस (इंजिनाची गती) वाढून वाढलेलीच राहिली तर रिच, इंजिन बसलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर. सोलेक्स या दुसऱ्या प्रकारच्या कार्बोरेटरला असं काही नाही, मिक्चर स्क्रू आत गेला की लीन, इंजिन सगळ्यात जोरात फिरेल तिथे तो ठेवून मग स्लोच्या स्क्रूने गती उतरवायची. स्पार्क प्लगचं टोक बदामी निघालं की झालं.

मराठवाड्यात उंचीचा फरक फार नाही. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या थोडं वर, नांदेड साडेतीनशेच्या आसपास, हवेच्या घनतेत जेमतेम दोन-अडीच टक्के. ऊन जास्त छळतं. हिवाळ्यातल्या पहाटेचे 12 अंश आणि मे महिन्यातले 43 यात घनता सुमारे 10 टक्क्यांनी उतरते, त्यामुळे थंडीत सेट केलेली गाडी उन्हाळ्यात थोडी रिच चालते. वरून गाडीच्या पेट्रोल पंपात वाफ धरते, मग रस्त्यात थांबून पंपावर ओलं फडकं ठेवावं लागतं. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर भरून तीच रिचची तक्रार वाढवते, तेव्हा स्क्रूच्या आधी फिल्टर झटकावा.

2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, त्यातलं काही इथेनॉल उसाचं. त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, शुद्ध पेट्रोलचं 14.7 ला 1 हे प्रमाण यात 13.5 च्या आसपास येतं, म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी लीन चालते. ऑक्टेन (इंजिन ठोकू न देण्याची इंधनाची क्षमता) जास्त असल्याने टायमिंग एखाददोन अंश पुढे चालेल असं काहीजण मांडतात. आधी जेट मोठा करावा हे मत जास्त पटतं. जुनी रबरी नळी, डायफ्रॅम आणि कॉर्क मात्र इथेनॉलने खराब होतात, तेवढे आधी बदलून घेतात.