दोन इंजिनं आणि मध्ये अख्खा महासागर

न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं विमान आज बहुतेक वेळा दोनच इंजिनांचं असतं. चाळीसेक वर्षांपूर्वी हे सहजासहजी जमत नव्हतं. अमेरिकेत १९५३ पासून दंडक होता की, दोन इंजिनांच्या विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. ही मिनिटं एका इंजिनावरच्या वेगाने, वारा नाही असं धरून मोजायची. पिस्टन इंजिनांच्या जमान्यात ते रास्तच होतं. पण त्यापायी अटलांटिक ओलांडायचा तर ग्रीनलंड-आइसलँडकडून वळसा पडे.

जेट इंजिनं क्वचितच बंद पडतात हे आकड्यांनी सिद्ध झालं, तशी दोरी सैल झाली. १९८५ मध्ये बोइंग ७६७ ला १२० मिनिटांची मुभा मिळाली, १९८८ मध्ये मर्यादा १८० वर गेली. या नियमावलीला ‘ईटॉप्स’ म्हणतात. १८० मिनिटं हवी असतील, तर हवेत इंजिन बंद पडण्याचं प्रमाण साधारण ५० हजार तासांत एकदा, एवढंच चालतं. दोन इंजिनं योगायोगाने एकाच प्रवासात जाण्याची शक्यता मग नगण्य उरते. धास्ती असते ती दोन्हींना एकाच कारणाने ग्रासण्याची.

५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाला तर तीन इंजिनं होती. तेलातला धातूचा कीस पकडणारे चुंबकी प्लग आदल्या रात्री बदलले होते. त्यांवरची रबरी रिंग मात्र तिन्ही ठिकाणी बसवायची राहिली. तेल गळू लागलं. मधलं इंजिन वैमानिकांनी स्वतःच बंद केलं आणि विमान माघारी वळवलं. मग उरलेली दोन्ही थांबली. समुद्रात उतरायची तयारी चालू असताना बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं, म्हणून १७२ जण वाचले. तिसऱ्या इंजिनाचा उपयोग झाला तो असा, निव्वळ नशिबाने! ईटॉप्समध्ये एकाच मेकॅनिकने एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, आणि इलाजच नसेल तर दुसऱ्याने तपासायचं, हा नियम मला म्हणूनच मिनिटांच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आता एअरबसच्या ए३५० या दोन इंजिनांच्या विमानाला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळते. एवढ्या लांब पल्ल्यात प्रश्न नुसता इंजिनांचा राहत नाही. सामानाच्या कप्प्यात आग लागली, तर ती दाबून धरणारा वायू विमानतळ गाठेपर्यंत आणि वर आणखी १५ मिनिटं पुरावा लागतो.