द सिम्समधलं जपानी घर: चटई, चौकोन आणि छपराची झेप

'द सिम्स 4' या घरं बांधायच्या संगणकीय खेळात 2020 साली 'स्नोई एस्केप' हा जोडभाग आला आणि खेळाडूंना जपानी वळणाचं कोमोरेबी गाव मिळालं. सरकती कागदी दारं, चटया असं सगळं सामान त्यात आहे. पण जपानी घर या खेळात इतकं चपखल बसतं, त्याचं श्रेय मला सामानापेक्षा मापांना द्यावंसं वाटतं.

सिम्समध्ये जमीन चौकोनांत आखलेली असते आणि भिंती त्या रेघांवर उभ्या राहतात. जुनं जपानी घरही असंच मोजून बांधलं जाई. तातामी, म्हणजे गवताची जाड चटई, रुंदीच्या दुप्पट लांब असते. एक चौकोन म्हणजे अर्धी तातामी धरली, तर साडेचार चटयांची खोली तीन बाय तीन, सहांची तीन बाय चार आणि आठांची चार बाय चार होते. साडेचारांच्या खोलीत अर्धी चटई मधोमध ठेवून बाकीच्या चार तिच्याभोवती फिरवायच्या. चार चटयांचे कोपरे एका बिंदूत भेटणं अशुभ मानतात, तो प्रश्नही असा सुटतो.

तातामीचं माप मात्र जपानभर एक नाही. क्योतोकडे ती साधारण 191 सेंमी लांब, तर तोक्योकडे 176. क्योतोच्या पद्धतीत आधी चटयांचं माप ठरवून खांब त्यांच्या बाहेर रोवत. एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत, त्यामुळे खांबाची जाडी चटईतून वजा होई. रेघेवर भिंत उभारणारा सिम्सचा खेळाडू नकळत एदोच्या सुतारासारखाच वागतो.

छपराशी मात्र बहुतेक जण कंजुषी करतात. वरून पाहताना पुढे आलेलं छप्पर अंगण झाकतं, म्हणून ते आखूड ठेवतात. खऱ्या घरात तीच झेप ऊन सांभाळते. क्योतोत जूनअखेरीच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 78 अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम 31 वर. दक्षिणेकडे 90 सेंमी पुढे आलेलं छप्पर उन्हाळ्यात त्याखालच्या भिंतीवर चार मीटरहून जास्त सावली पाडतं, हिवाळ्यात अर्धा मीटरच. म्हणजे थंडीत ऊन ओसरी ओलांडून चटयांपर्यंत पोचतं.

वजनाचा हिशेब तर खेळात नाहीच. खालची खोली पुसली तरी वरचा मजला हवेत टिकतो. जपानी सुताराला मात्र कौलांचा सगळा भार लाकडी सांध्यांतून खांबांवर आणि खांबांखालच्या दगडांवर उतरवावा लागे, तोही भूकंपाच्या देशात.