संशयकल्लोळ

‘संगीत संशयकल्लोळ’ हे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे विनोदी संगीत नाटक. गंधर्व नाटक मंडळीने ते ऑक्टोबर १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते, त्यामुळे ज्या नाटकाने त्यांचे नाव आजही तिकीटबारीवर राहिले, त्याचा संगीत प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही. मराठीतल्या सर्वांत निर्दोष बांधणीच्या विनोदी नाटकांत याची गणना व्हायला हवी. अडीचशे वर्षांच्या प्रवासात तीन भाषांतून उतरलेले हे कथानक आहे, पण वाचताना किंवा पाहताना ते उसने वाटत नाही.

कथेचे मूळ पॅरिसमध्ये आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरचे ‘स्गानारेल’ हे एकअंकी पद्य प्रहसन मे १६६० मध्ये तिथे रंगले आणि स्गानारेलची भूमिका मोलिएरने स्वतः केली. प्रियकराची तसबीर पाहता पाहता एक मुलगी मूर्च्छित पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो आणि नेमके हेच त्याची बायको खिडकीतून पाहते. खाली पडलेली तसबीर बायको उचलते आणि ती तिच्या हातात नवरा पाहतो. एवढ्या दोन क्षणांवर सगळा डोलारा उभा आहे. मोलिएरच्या हयातीत त्याच्या कंपनीने सर्वाधिक वेळा केलेले नाटक हेच होते. शेवटी स्गानारेल प्रेक्षकांना बजावतो की, सगळे डोळ्यांनी पाहिलेत तरी कशावरही विश्वास ठेवू नका.

पुढे जन्माने आयरिश असलेल्या आर्थर मर्फीने त्याचे पाच अंकी इंग्रजी नाटक केले. ‘ऑल इन द राँग’ हे ते नाटक १७६१ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. मर्फीने केलेला मोठा बदल म्हणजे त्याने बायकोलाही नवऱ्याच्या तोडीस तोड संशयी केले. मोलिएरकडे हशा मुख्यतः नवऱ्यावर पिकत होता, तर इथे दोघे एकमेकांवर पाळत ठेवू लागले. देवलांच्या हाती आला तो हा इंग्रजी अवतार.

देवलांनी त्यावरून आधी गद्य नाटक लिहिले : ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३). पुढे गंधर्व मंडळीसाठी त्यात पदे घालून ‘संशयकल्लोळ’ सिद्ध झाले. नावातला हा बदल मोलाचा आहे. पहिल्या नावात वस्तू होती, दुसऱ्यात मनाची अवस्था आली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द आजही भेटतो.

पात्रांची नावे हा देवलांचा स्वतःचा खेळ. पुरुषांना महिन्यांची नावे : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. बायकांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पंचांग घेऊन बसले तर आणखी गंमत दिसते. रेवती हे शेवटचे नक्षत्र आणि अश्विनी पहिले, म्हणजे नायक-नायिका आकाशातही शेजारी. कृत्तिकेचा महिना मात्र कार्तिक, आणि ती पडली आहे फाल्गुनाच्या पदरी.

पण देवलांची खरी करामत नायिकेत आहे. मोलिएरची आणि मर्फीची नायिका प्रतिष्ठित घरातली मुलगी. देवलांची रेवती नायकिणीची, मघाची, मुलगी. एवढ्या एका बदलाने संशयाचे वजनच पालटते. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो तेव्हा आपण हसतो. अश्विनशेठ रेवतीवर घेतो तेव्हा हसू थोडे अडखळते, कारण तिच्या निष्ठेवर विश्वास ठेवू नये असे समाजाने आधीच ठरवून टाकलेले असते. ‘ही बहु चपल वारांगना’ या पदात तो समज अगदी उघड बोलतो. रेवती तो खोटा ठरवते. ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना ही गणिका मराठीत आणणारे आणि बाला-जरठ विवाहावर ‘शारदा’ लिहिणारे देवल इथे प्रहसनातही तेच काम करत होते, असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते. मोलिएरच्या शेवटच्या ओळीचे मराठी भावंडही याच नाटकात आहे. ‘हृदयी धरा हा बोध खरा’ या पदात देवल संशयाला ‘खट झोटिंग’ म्हणतात. झोटिंग म्हणजे भूत. मूळ फ्रेंच ओळीत इशारा आहे, पण हे भूत नाही.

पहिल्या संचात बालगंधर्व रेवती होते आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. बोडसांची ही भूमिका पुढच्या नटांसाठी मापदंड झाली. नाटकाची रचनाच अशी आहे की, गाण्याचा भार अश्विनशेठ-रेवतीवर पडतो आणि हशा मिळवायची जबाबदारी फाल्गुनराव-कृत्तिकेवर. एकाच संचात चांगले गवई आणि टायमिंगचे पक्के गद्य नट लागतात. प्रयोग फसतो तो बहुधा यांपैकी एक बाजू लंगडी पडल्यामुळे.

‘कर हा करी धरिला शुभांगी’, ‘कुटिल हेतू तुझा फसला’, ‘सुकांत चंद्रानना पातली’ ही पदे नाटकाबाहेरच्या मैफलींतही रुळली. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ तर अनेकांना वसंतराव देशपांडे यांच्या आवाजातच आठवते. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या हौशी मंडळींनी हे नाटक जिवंत ठेवले. रात्र-रात्र चालणारे प्रयोग थांबल्यावर पदे आणि प्रवेश कापून ते तीन तासांत बसवण्याची रीत पडली. कात्री बहुधा पदांच्या विस्तारावर चालते, संवादांवर कमी, कारण संवादातली एक कडी निखळली की पुढचा गैरसमज उभाच राहत नाही. २०१३ मध्ये एका मराठी चित्रपटाने ‘संशयकल्लोळ’ हे नाव घेतले. अलीकडच्या काळात नाटक पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर आले, तेव्हा प्रशांत दामले फाल्गुनराव झाले आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे अश्विनशेठ.